मासा हाडाला कळतो

माझ्या फुफूच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला एक खाच होती. पेराच्या पोटाशी, आडवी, बारीक सुतळी अलगद बसेल एवढी. लहानपणी मला वाटायचं, फुफू झालं की बोटाला अशी खाच पडतच असेल. पुढे कळलं की ती तंगुसाची खाच आहे. साठ-सत्तर वर्षं नायलॉनचा तो दोर, आणि त्याच्या आधी सुती दोर, त्या एकाच जागेवरून ओढला गेला होता. काही बायकांच्या हाताला मेंदी शोभते, माझ्या फुफूच्या हाताला ती खाच शोभायची.

इथे कुवेतमध्ये इकाम्यासाठी, म्हणजे राहण्याच्या परवान्यासाठी, बोटांचे ठसे द्यायला नेलं तेव्हा यंत्र नेमकं त्या बोटापाशी अडलं. काउंटरवरच्या तरुण पोरानं दोनदा, तीनदा बोट पुसायला लावलं. फुफूला अरबी शब्द येत होते मोजके, पण ते वापरायची हिंमत दांडगी. तिनं बोट त्याच्या नाकासमोर धरलं, दुसऱ्या हातानं दोर ओढल्याचा अभिनय केला आणि म्हणाली, "समक, समक." म्हणजे मासा. तो पोरगा इतका हसला की शेजारच्या टेबलावरच्याला बोलावून त्यानं ती खाच दाखवली. घरी आल्यावर फुफू आठवडाभर येईल त्याला सांगत होती, की सरकारनं माझं बोट दोघांकडून बघून घेतलं.

नातं आधी सांगायला हवं होतं. ती माझ्या अब्बांची मोठी बहीण, म्हणून फुफू. तिच्याच मुलाशी माझं लग्न झालं, म्हणून सासू. आमच्या कोकणी मुसलमानांत असं नातं नवं नाही. पण सासू हा शब्द माझ्या तोंडात तिच्यासाठी कधी बसला नाही, आणि ती पण मला सून म्हणाली नाही. रागात असली की "जैबुन्निसा", एरवी "जैबू", आणि फार लाडात आली की "गो बाय माझे". आमचं गाव दापोलीकडचं, खाडीच्या काठाला. फुफा बोटीवर नोकरीला, वर्षात दोन महिने घरी. बाकीचे दहा महिने फुफू खाडीतल्या खडकावर बसून, गळ टाकून गरवायची आणि पोरांना खायला घालायची. बायकांनी कालवं काढावी, तिसऱ्या वेचाव्या, गरवायचं काम पुरुषांचं, असं गावात कोणी म्हणालं असेल तर ते तिच्या कानापर्यंत पोचलं नाही. किंवा पोचलं असेल, पण मासा तेव्हा दोराला लागला असेल आणि तिला सवड नसेल.

फुफा गेले आणि आम्ही तिला इकडे आणलं, तेव्हा माझा नदीम पाचवीत होता. आमचे हे शुवैखला एका गॅरेजात ट्रकचे पाटे बसवायचं काम करतात, अजूनही करतात. घर मात्र फहाहीलला, समुद्रापासून चालत दहा मिनिटं. फुफूनं पहिल्या दिवशी गच्चीवरून पाणी बघितलं आणि तिसऱ्या दिवशी पाण्याच्या एका रिकाम्या बाटलीला तंगूस गुंडाळून, काळा बुरखा घालून, खडकावर जाऊन बसली. अशी बसायची की लांबून वाटावं, एक खडक जास्तीचा आला आहे.

मासे मारण्याला ती कधी मासे मारणं म्हणायची नाही. शिकार म्हणायची. आणि शिकारीचे तिचे नियम होते. पाण्याजवळ मोठ्यानं बोलायचं नाही. अंडी असलेली मादी लागली तर सोडायची. आणि सगळ्यात मोठा नियम, पहिला मासा आपल्या घरात शिजवायचा नाही. "समुद्रानं दिलेलं आधी दुसऱ्याच्या ताटात पडलं," ती म्हणायची, "म्हणजे उद्या त्याच्याकडे मागायला तोंड राहतं." गावी तो पहिला मासा शेजारच्या म्हातारीकडे जायचा. इथे तो आमच्या इमारतीच्या हारिसकडे जायला लागला. हारिस म्हणजे वॉचमन, मिसरी माणूस, एकटाच तळमजल्यावरच्या खोलीत राहणारा. फुफू खाली आली की तो खुर्चीवरून उठायचा आणि विचारायचा, "फेन समक, या हज्जा?" म्हणजे हज्जाबाई, मासा कुठाय. आणि हज्जा पिशवीतून मासा काढून त्याला द्यायची. शेम मिळाला तर शेम, तो चंदेरी अंगाचा, पिवळ्या पराचा इथला मासा. काही नाही तर शिंगाळा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण पंधराएक वर्षं हे चाललं होतं, आणि मला वाटतं दोघांची फार चांगली ओळख होती.

बोटाचं काय करतेस, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणजे मासा लागला हे तुला कळतं कसं? दोर तर पाण्यात, नजरेला काही दिसत नाही. तिनं तंगूस माझ्या बोटावर ठेवला आणि दुसऱ्या टोकाला नखानं टिचकी मारली. मला काही कळलं नाही. ती म्हणाली, खेकडा कुरतडतो, शिंगाळा ओढून नेतो, शेम दोनदा विचारतो आणि तिसऱ्यांदा घेतो. हे सगळं त्या एका बोटावर तिला वाचता यायचं. माझी फुफू शाळेत गेली नव्हती. मी तरी कुठे चौथीच्या पुढे गेले. पण तिच्या बोटाला जेवढं वाचता येत होतं तेवढं मला आजही पुस्तकात वाचता येत नाही.

मग साखरेनं घात केला. डॉक्टर म्हणाले, नसा कमजोर झाल्या आहेत, आधी पायाची बोटं बधिर होतील, मग हाताची. नंतर मला कळलं की हाताची बोटं कधीच बधिर झाली होती, तिनं फक्त सांगितलं नव्हतं. मासे कमी येत होते, तर ती म्हणायची पाणी गरम आहे, वारा उलटा आहे. मी विश्वास ठेवला. एका शुक्रवारी ती नेहमीपेक्षा लवकर घरी आली, नमाजासाठी कपाटातून ओढणी काढली, आणि मी बघते तर तिच्या पांढऱ्या ओढणीवर लाल ठिपके. बोटात गरी, गळाचा तो लोखंडी काटा, घुसलेली. आकडीसकट आत. ती तशीच खडकावरून घरी चालत आली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

मी रडले. ती रडली नाही. गरी काढून, पट्टी बांधून घेतली, तंगुसाची बाटली एका पिशवीत घातली आणि फ्रिजच्या वर, मागे, भिंतीशी ढकलून ठेवली. मग म्हणाली, "झालं जैबू. आता मी नुसतं खाणारं तोंड." हे वाक्य मला गरीसारखं लागलं. ऐंशीला आलेली बाई, सगळ्यांना पोसून बसलेली, तिला आम्ही काय कमी करत होतो? पण तिला ताटाबद्दल म्हणायचं नव्हतं. त्या दिवसापासून ती हारिसच्या समोरून जायचं टाळायला लागली. लिफ्टमधून सरळ दाराबाहेर, मान खाली. आणि तोही शहाणा, दोन-तीनदा उठून उभा राहिला, मग त्यानं विचारायचं सोडलं. ते त्याचं न विचारणं मला फार लागलं, तिला किती लागलं असेल.

आमच्यात एक रीत आहे. मोठ्यांसाठी वस्तू त्यांना विचारून आणायची नाही. विचारलं की ते नको म्हणणार, मग आपण आग्रह करणार, मग ते रागावणार. म्हणून गुपचूप आणायची आणि ईदला समोर ठेवायची. त्या रमजानात आमच्या घरात गुपचूप बेत शिजायला लागला. फुफूला चांगली गळाची काठी घ्यायची, चक्रीवाली, म्हणजे बोटाची गरजच नको. नदीम आता अहमदीला ऑइलच्या कंत्राटदाराकडे इंजिनियर आहे. त्यानं फोनवर पन्नास काठ्या बघितल्या. रोज इफ्तारनंतर तो मला एक नवी दाखवायचा, "अम्मी, याचे रिव्ह्यू बेस्ट आहेत, धिस इज द स्ट्राँगेस्ट." आमचे हे गॅरेजातले, त्यांना काठी म्हणजे ट्रकचा पाटा. दुकानात गेले, एकेक काठी जमिनीला टेकवून वाकवून बघितली, जी सगळ्यात कमी वाकली तिच्यावर हात ठेवला. दुकानदार मलबारी, त्यानंही मान हलवली, की हिच्यावर हामूरसारखा दांडगा मासा सुद्धा येईल. आणि मी? मी हामूर ऐकला आणि मनात कालवणाला आमसूल किती घालायचं ते ठरवायला लागले. तिघांनी मिळून तिच्यासाठी काठी निवडली आणि तिघांपैकी एकानंही विचार केला नाही की तिच्यात काय कमी झालं आहे. म्हातारं झालं म्हणजे ताकद गेली, आणि ताकद गेली म्हणजे दांडगी वस्तू द्यायची, एवढाच आमचा हिशेब.

ईदच्या दुसऱ्या दिवशी सगळे खडकावर गेलो. फुफूनं काठी दोन्ही हातांनी उचलली. आमच्या खुशीसाठी हसली. एकदा दोर फेकायचा प्रयत्न केला, तर दोराच्या टोकाचं शिसं पाण्यात पडायच्या ऐवजी काठीच पुढे निघाली आणि तिच्यामागे फुफू. आमच्या ह्यांनी बुरख्याला धरून मागे ओढली म्हणून बरं. खाली बसवली तर ती काठीकडे बघत राहिली आणि शांतपणे ह्यांना म्हणाली, "इसाक, ही काठी नाही बाबा. विजेचा खांब आहे. हिला उभी कर, वर दिवा लाव." सगळे हसलो. ती पण हसली. पण घरी येताना ती मागच्या सीटवर काठीकडे पाठ करून बसली, आणि मला कळलं की तिला आधी साखरेनं हरवलं होतं, आता आपण हरवलं.

तो विजेचा खांब मग घरात कोळ्याची जाळी काढायच्या कामाला लागला. खरं सांगते, फुफूनंच लावला. वस्तू फुकट जाऊ द्यायची नाही हा तिचा स्वभाव. आणि अल्लाची करणी बघा. एका दुपारी ती खाटेवर बसून, काठीचा खालचा दांडा हनुवटीखाली टेकवून, टोकानं एसीच्या मागची जाळी काढत होती. एसी चालू होता. टोक एसीच्या पत्र्याला लागलं आणि फुफू एकदम थांबली. मी समोर भाजी निवडत होते. मला वाटलं चक्कर आली. तर ती तशीच, डोळे मिटून, काठी हनुवटीला लावून बसलेली, आणि चेहरा असा की कोणीतरी लांबून हाक मारतंय आणि ओळखीचा आवाज आहे. बराच वेळ बसली. मग डोळे उघडून मला म्हणाली, "जैबू, एसी बंद कर." केला. "लाव." लावला. "बंद कर." असं पाच-सहा वेळा. प्रत्येक वेळी तिनं डोळे मिटून मला सांगितलं, आता लागला, आता गेला. मग काठी बाजूला ठेवली, चप्पल शोधायला लागली आणि म्हणाली, "मला दुकानात ने. पोरांना सांगू नको. ह्या वेळी मी घेणार."

त्या दुकानातला तो तास मी मरेपर्यंत विसरणार नाही. दुकानदारानं आम्हाला ओळखलं, परत करायला आलात का असं त्याच्या तोंडावर होतं. फुफूनं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. भिंतीला लावलेल्या काठ्यांतली पहिली काढली, खालचा दांडा जबड्याच्या हाडाला लावला, आणि मला म्हणाली, "टोकाला नखानं टिचकी मार. हळू. मासा काय हातोडा मारत नाही." मी मारली. ती म्हणाली, "मुकी." दुसरी. "मुकी." तिसरी महागातली होती, नदीमनं फोनवर दाखवलेली. ती काठी जबड्याला लावून तिनं तोंड वाकडं केलं, "ही बडबडी. वाऱ्यानं पण बोलेल, खेकड्यानं पण बोलेल, मग माशाचं कधी ऐकू?" असं करत करत आम्ही अख्खी भिंत संपवली. दुकानदार काउंटर सोडून जवळ आला होता. हिंदीत म्हणाला, अम्मा, आपको कितना बड़ा मछली मंगता, वो बोलो, मैं ताकतवाला देगा. फुफू त्याच्याकडे वळली आणि आपल्या कोकणी हिंदीत जे बोलली ते मी सरळ मराठीत सांगते.

"जोर माशाकडे असतो बाबा. आपल्याकडे नुसतं कळणं असतं. ते देणारी काठी दे."

मग कोपऱ्यातल्या पिंपातून दुकानदारानं एक बारकी काठी काढली. हलकी, बुचाची मूठ, ती पण एका बाजूनं जरा झिजलेली, शेवटचा नग. म्हणाला, ही लहान माशांची आहे, कोणी घेत नाही. फुफूनं जबड्याला लावली. मी टिचकी मारली, इतकी हलकी की माझं मलाच ऐकू आलं नाही. मी पुन्हा मारली. तिनं डोळे न उघडता हात वर केला, की थांब. आणि म्हणाली, "दोनदा विचारलं." शेम दोनदा विचारतो आणि तिसऱ्यांदा घेतो, ते आठवतंय ना? दुकानदारानं मग स्वतः काठी घेऊन आपल्या जबड्याला लावली आणि मला म्हणाला, मारो. मी मारली. त्याला काही कळलं नाही. फुफू त्याच्याकडे बघून इतक्या मानानं हसली, की मला वाटलं ही ऐंशीची नाही, खाडीच्या खडकावरची पोर आहे.

पुढच्या शुक्रवारी असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर आम्ही खडकावर. घरात गोष्ट फुटलीच होती, त्यामुळे आमचे हे पण आले, बुरख्याचा कोपरा धरायच्या तयारीत. फुफूनं बसायची जागा बदलली नाही, बसायची रीत बदलली. काठी खांद्याशी घेतली, मूठ जबड्याला टेकवली, डोळे मिटले. फेकण्याचं काम तिनं मला दिलं. मी पहिल्यांदा पायाशीच फेकलं, दुसऱ्यांदा कुठेतरी पडलं. मग अर्धा तास काही नाही. आमचे हे चुळबुळायला लागले. एकदा टोक हललं तसे ते उठले, तर तिनं डोळे न उघडता सांगितलं, खेकडा आहे, बस. पुन्हा हललं. आम्हाला वाटलं वारा. तिच्या जबड्याचं हाड मात्र हललं, जसं कोणी बोलायच्या आधी हलतं. ती पुटपुटली, एक. मग, दोन. आणि मग तिनं मनगट असं उचललं की जणू देवळीतला दिवा उचलला. काठी वाकली. आमचे हे पुढे धावले.

"इसाक, हात मागे," ती म्हणाली.

बासष्ट वर्षांचा माझा नवरा, गॅरेजात चार माणसांवर ओरडणारा, हात मागे बांधून उभा राहिला. तिनं चक्री एकटीनं फिरवली. बधिर बोटांनी, हळू, मध्ये थांबत. शेम आला. दोन तळहातांएवढा, हामूर नव्हे. पण खडकावर आपटणारा तो चंदेरी मासा बघून आमचे हे तोंड फिरवून समुद्राकडे बघायला लागले, आणि घरी येईपर्यंत वाऱ्यानं डोळे चुरचुरतात म्हणत होते. त्या दिवशी वारा नव्हता.

इमारतीत शिरताना फुफूनं लिफ्टकडे बघितलं नाही. सरळ हारिसच्या खुर्चीकडे गेली. तो गोंधळून उठला. काय विचारावं ते त्याला सुचेना, इतके महिने विचारलं नव्हतं. तर तिनंच विचारलं, "फेन समक?" आणि पिशवीतून मासा काढून त्याच्या हातात दिला. तो मिसरी माणूस काय बोलला ते मला कळलं नाही, पण त्यानं मासा आधी कपाळाला लावला.

त्यानंतर दोन हिवाळे तिनं शिकार केली. आमचे हे शुवैखला ज्याला त्याला सांगायचे, माझी आई हाडानं मासा पकडते, आणि कोणी विश्वास ठेवला नाही तर त्याला शुक्रवारी घेऊन यायचे. नदीमनं एकदा ती काठी जबड्याला लावून बघितली आणि म्हणाला, "बडी अम्मी, इट्स लाइक अ स्टेथोस्कोप." तिला ते समजावून सांगितल्यावर तिनं मान डोलावली, की डॉक्टरला पण शेवटी कान लावावाच लागतो. मासा हाडाला कळतो, हे ती तेव्हापासून म्हणायला लागली. बोट होतं तेव्हा कधी म्हणाली नव्हती.

मग एक दिवस तिनं सांगितलं, मला गावी जायचं आहे, आता खाडीजवळ राहते. आम्ही अडवून बघितलं, पण त्या बाईला कोणी कधी अडवलं होतं? निघायच्या दिवशी तिनं काठी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, घेऊन जा, दोन तुकडे होतात, सामानात मावेल. ती म्हणाली, गावी मला बांबू पुरे, ही इथल्या पाण्याची आहे. मी म्हटलं, फुफू, मला यातलं काय येतं? तिनं तिचं ते बोट माझ्या जबड्यावर ठेवलं, कानाच्या खाली, हाडावर. खाच मला कळली, तिला माझा गाल कळला नसावा. म्हणाली, "हाड आहे ना? मग येईल."

गेल्या थंडीत ती गेली, झोपेतच, घरात, पुतण्यांच्या मध्ये. आम्हाला मातीला पोचता आलं नाही. आमचे हे पाच दिवस गॅरेजला गेले नाहीत. मी पण काय करणार, चाळिसावा होईपर्यंत कुराण वाचलं, येणाऱ्यांना चहा दिला. मग एका शुक्रवारी असरनंतर काठी काढली, काळा बुरखा घातला आणि खडकावर जाऊन तिच्या जागेवर बसले. साठ वर्षांची बाई, आयुष्यात पहिल्यांदा. पहिले तीन शुक्रवार माझ्या हाडाला फक्त माझंच काळीज ऐकू आलं. चौथ्या शुक्रवारी कोणीतरी विचारलं. मी श्वास धरला. दुसऱ्यांदा विचारलं. मला वाटलं माझ्या डोक्यात कोणी हळूच टिचकी मारली.

मासा लहान होता, तळहाताएवढा. पिशवीत घालून मी घरी आले आणि लिफ्टकडे न जाता खुर्चीकडे गेले. हारिस आता म्हातारा झाला आहे, उठायला वेळ लागतो. त्यानं पिशवीत बघितलं, मग माझ्या हातातली बारकी काठी बघितली. आणि मला कळेल अशा सोप्या अरबीत विचारलं, हा हज्जाचा मासा आहे का?

मी म्हटलं, हो. हज्जाचाच.